दोन सायलेन्सर आणि सहा रुमाल

माझ्या गाडीला मागे दोन सायलेन्सर आहेत, हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या ओळखीत उरला नव्हता. ते सगळ्यांना ठाऊक होईल अशी व्यवस्था मीच केली होती. गाडी तशी लहानखुरी, राखाडी, चारचौघींसारखी; पण मागून पाहिलं की उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन चकचकीत तोंडं दिसत. दर रविवारी मी ती जुन्या टूथब्रशनं घासायचो. "स्वतःचे दात इतका वेळ घासले असते तर दोन दाढा वाचल्या असत्या," असं बायको म्हणायची. पण बायकोला यंत्रातलं काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. ते मत पुढे मला जाहीरपणे बदलावं लागलं.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या, पेट्रोल पंप हे सगळं वर्षातून एकदा तपासायचं, खरं असेल तर शिक्का मारायचा, खोटं असेल तर जप्त करायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. माझी खासियत म्हणजे खोटा तळ. बाजारातला एक तेलवाला होता. त्याचं लिटरचं माप बाहेरून बघितलं तर अगदी खरं, आठ बोटं खोल. मी आत बोटं घातली आणि चार बोटांवर तळ लागला. आत पत्र्याची चकती बसवली होती, वर कलई केलेली. मी पंचनामा केला, दुकानाला महिनाभर टाळं लावलं आणि तेव्हापासून बाजारात मी शिरलो की दुकानदार आपणहून मापं पुसून ठेवायला लागले. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. शेवटची शिक्क्यांची फेरी करायची आणि ताठ मानेनं घरी यायचं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि एका रविवारी मेहुणा आला.

माझा मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. वय पन्नास, तरी घरात नाव बाळ्या. त्यानं नवीन गाडी घेतली होती आणि ती दाखवायलाच तो आला होता, बहिणीची आठवण वगैरे निमित्त. गाडी प्रचंड, काळी, बसायला चढून जावं लागेल अशी. तिलाही मागे दोन सायलेन्सर होते, तांब्याच्या तोंडाएवढे रुंद. मी म्हटलं, "छान आहे. माझ्याही गाडीला दोन आहेत म्हणा."

बाळ्या माझ्या गाडीमागे गेला. मी नुकतीच गाडी सुरू करून ठेवली होती, धुतल्यावर थोडी चालू ठेवावी म्हणून. तो खाली वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "धूर एकातूनच येतोय."

"थंडीमुळे असेल," मी म्हटलं.

"एका बाजूलाच थंडी?"

"हवा डावीकडून येते इथं."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? गाडी बंद करा आणि रुमाल द्या जरा."

मी रुमाल दिला. तो देताना मला पुढचं काही कळलं असतं तर मी मान दिली असती पण रुमाल दिला नसता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बायकोनं मला पांढऱ्या रुमालांचं खोकं दिलं होतं. सहा रुमाल, कडेला बारीक जाळी. ते ती स्वतः इस्त्री करायची. बाळ्यानं रुमालाचं एक टोक बोटावर घेऊन उजव्या सायलेन्सरमध्ये फिरवलं. काळं. दुसरं टोक डाव्यात फिरवलं. पांढरंशुभ्र, इतकं की माझ्या टूथब्रशचं कौतुक करावं.

मग त्यानं डाव्यात बोटं घातली आणि म्हणाला, "चार बोटांवर तळ आहे."

मी स्वतः बोटं घालून पाहिलं. चार बोटं. आत पत्र्याची चकती, वर काळा रंग. एकतीस वर्षं जे मी दुसऱ्यांच्या दुकानात शोधलं, ते माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागे बसवलेलं होतं आणि मी ते दर रविवारी घासत होतो.

बाळ्यानं त्या रुमालाचा फोटो काढला. एक टोक काळं, एक पांढरं, मधे माझा चेहरा. फोटो आधी घरच्या ग्रुपवर गेला. तिथून तो आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कसा गेला हे कुणी कबूल करत नाही. इमारतीत खाली एक गाण्याच्या बाई राहतात, त्यांची एक शिष्या त्या तेलवाल्याची सून आहे. बाकी सांगायला नको.

सोमवारी मी बाजारात फेरीला गेलो. पहिल्या दुकानात तराजू तपासायला घेतला तर दुकानदार तोंडावर हात ठेवून पाठमोरा झाला. दुसऱ्यानं, "साहेब, दोन तराजू आहेत, पण एकच चालतो, दुसरा शोभेचा," असं म्हणून घेतलं. आणि तेलवाला तर वाटच बघत होता. त्यानं माप पुढे केलं, खुर्ची पुढे केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बसा साहेब. चार बोटांवर तळ माझ्याकडं होता तेव्हा महिनाभर टाळं होतं. गाडीला किती दिवस टाळं लावणार?"

मी शिक्का न मारताच परत आलो. हात उचललाच गेला नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

"काढून टाका तो खोटा सायलेन्सर," बायको म्हणाली. "दोन स्क्रू असतील."

"खोटं माप काढून टाकलं म्हणजे दुकानदार सुटत नाही," मी म्हटलं. "त्याच्या जागी खरं ठेवावं लागतं."

"म्हणजे काय करणार?"

"दुसरा सायलेन्सर खरा करणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खोक्यातल्या उरलेल्या पाच रुमालांकडे पाहिलं, आणि खोकं वरच्या कप्प्यात ठेवलं. बायकोला पुढचं दिसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गॅरेजवाला आमच्या माहितीतला. तोंडात सतत काहीतरी चघळणारा, कमी बोलणारा, पण एकदा बोलायला लागला की शाळा भरवणारा. त्याला मी विचारलं, काही गाड्यांना दोन सायलेन्सर असतातच का मुळात?

"तीन कारणं," तो गाडीखालून म्हणाला. "काही इंजिनांत सिलिंडरच्या दोन रांगा असतात. एक रांग या अंगाला, एक त्या अंगाला. मग ज्या त्या रांगेचा धूर ज्या त्या नळीनं काढतात. हे एक. काही गाड्या अंगानं दांडग्या, धूरही दांडगा. एका नळीतून काढायला गेलं तर कोंडतो आणि इंजिनाला दम लागतो. म्हणून दोन वाटा. हे दुसरं."

"आणि तिसरं?"

"तिसरं तुमच्यासारखं गिऱ्हाईक."

मी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

"तुमच्या गाडीत सिलिंडर चार, तेही एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे," तो पुढे म्हणाला. "एवढासा धूर. त्याला एक नळीसुद्धा सैल होते. दुसरी कशाला हवी?"

"तत्त्वासाठी."

तो गाडीखालून बाहेर आला. तत्त्वासाठी सायलेन्सर बसवणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे आधी आलेलं नसावं. त्यानं हात पुसायला फडकं मागितलं आणि मी नकळत खिशातला रुमाल दिला. दुसरा रुमाल असा गेला.

मग त्यानं काम समजावलं. इंजिनाजवळ धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो. त्याला बोट लावायचं नाही, तो कायद्यानं हवाच. आवाज दाबणारा मोठा सायलेन्सर असतो, त्यालाही हात लावायचा नाही, नाहीतर गाडी गल्लीभर ओरडत जाईल. त्याच्या पुढे, शेपटाशी, नळी कापायची, इंग्रजी वायच्या आकाराचा तुकडा जोडायचा आणि एक फाटा उजवीकडे, एक डावीकडे न्यायचा. नळी हलू नये म्हणून रबरी टांगण्या, बंपर वितळू नये म्हणून मधे पत्रा. "पण आधी वाहन कार्यालयाची परवानगी आणा," तो म्हणाला. "तुम्ही सरकारी माणूस. बिनपरवानगीचं काम तुमच्या गाडीला मी करणार नाही."

वाहन कार्यालयात सात खिडक्या होत्या. सहाव्या खिडकीतल्या कारकुनानं माझा अर्ज वाचला, माझं नोंदणीपुस्तक उघडलं, पुन्हा अर्ज वाचला.

"दुसरा सायलेन्सर बसवायचाय?"

"हो."

"पण तुम्हाला दोन आहेत."

"एक खोटा आहे."

"कागदावर दोन आहेत," तो म्हणाला. "हे बघा, कंपनीनं दिलेल्या माहितीत, सायलेन्सरची तोंडं, दोन. त्यात खरी किती असा रकाना नाही. आणखी एक बसवला तर तीन होतील. तीनला मंजुरी नाही."

"मग खोटा काढून टाकतो आणि खरा बसवतो."

"काढलात तर एक राहील. कागदावर दोन. म्हणजे गाडीत अनधिकृत बदल. दंड."

मी त्याला समजावून सांगितलं की सध्या एकच आहे आणि मी तो कागदाप्रमाणे दोन करायला आलो आहे, म्हणजे कायदा मोडायला नव्हे तर पाळायला आलो आहे. हे त्याला फार पटलं. त्याच्या मते असा माणूस त्या खिडकीवर पहिल्यांदाच आला होता. पण तशा माणसासाठी अर्जाचा नमुना नव्हता.

मी तीन वेळा गेलो. चौथ्या वेळी त्यालाच कीव आली. "दुरुस्ती म्हणून लिहा," तो म्हणाला. "दुसरा सायलेन्सर बंद पडलाय, तो चालू करायचाय. बंद पडल्याचं कारण?"

"भोक नाही."

"कधीपासून बंद?"

"जन्मापासून."

त्यानं तसं लिहिलं आणि शिक्का मारला. खाली शेरा होता: दुरुस्तीनंतर गाडी आवाज व धूर तपासणीस हजर करावी.

गॅरेजवाल्यानं गाडी चढवली आणि पहिली अडचण आली. डाव्या बाजूला, जिथून नवी नळी जायची, तिथं स्टेपनीचा खड्डा होता. मग खड्डा कापला. स्टेपनीला जागा हवी म्हणून ती डिकीत उभी केली. डिकी बंद होईना म्हणून मागची सीट पुढे सरकवली. मागची सीट पुढे आल्यावर पुढची सीट मागे जाईना, आणि मी गुडघे छातीशी घेऊन गाडी चालवायला लागलो. "एक नळी बसवली तर माणूस गाडीबाहेर आला," बायको म्हणाली. तिच्या मांडीवर तेव्हा जॅक होता.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी डाव्या नळीत अगरबत्तीसारखं काहीतरी लावून ठेवायला सांगितलं, धूर आपोआप दिसेल म्हणून. काका आयुष्यभर विमा विकत होते, त्यामुळे दिसण्यापलीकडे त्यांचा विचार जात नाही. त्यांच्या बायकोनं ही साडेसाती असल्याचं सांगितलं. गाण्याच्या बाई मात्र गंभीरपणे दारात उभ्या राहून इंजिन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन स्वर येताहेत, पण एक फार दबलेला आहे. त्याला गाऊ द्या."

बाईंचं खरं होतं. मी तिसरा रुमाल काढला आणि दोन्हीकडे फिरवला. उजवीकडे काळा, डावीकडे अंगावर राख पडावी तेवढा करडा. मी तडक गॅरेजात गेलो.

"येतोय ना धूर?" गॅरेजवाला म्हणाला. "मग झालं. एकोणीस-वीस चालायचंच."

"हे एकोणीस-वीस नाही. हे एक आणि एकोणीस आहे."

"अहो, धूर सोपी वाट धरतो. डावी नळी लांब पडते. माणूस पण तेच करतो."

"दोन्ही नळ्या सारख्या पाहिजेत. लांबी सारखी, वळणं सारखी, आत मावणारं पाणीसुद्धा सारखं."

"पाणी?"

मी पिशवीतून अर्ध्या लिटरचं पितळी माप काढलं. खात्यानं ते बाद केलं होतं, पण माझ्या मते ते निर्दोष होतं. मग चार दिवस आम्ही दोघांनी काम केलं. तो कापायचा, मी मोजायचो. फाटा मधोमध आणला. नळ्या टेबलावर ठेवून एक टोक बुचानं बंद करून पाणी भरलं. पहिल्यांदा दोन मापांचा फरक आला, मग अर्ध्याचा, मग चमचाभराचा. चमचाभरावर तो थांबा म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं हातातली करवत खाली ठेवली आणि आकाशाकडे पाहिलं. मग पुन्हा उचलली. शेवटी थेंबाचाही फरक उरला नाही, तेव्हा तो स्वतःच दोन पावलं मागे सरकून नळ्यांकडे बघत उभा राहिला. "वीस वर्षं धंदा करतोय," तो म्हणाला, "असं काम कुणी मागितलंच नव्हतं." मग त्यानं त्या नळ्या स्वतःच्या बाहीनं पुसल्या. मलाही फार बरं वाटलं.

शिवाय नळी मधून गेल्यामुळे कापलेला खड्डा पुन्हा सांधता आला, स्टेपनी परत जागेवर गेली आणि माझे गुडघे खाली आले.

तपासणीच्या दिवशी वाहन कार्यालयाच्या आवारात गाड्यांची मोठी रांग होती. आवार उताराचं, त्यामुळे गाडीचं तोंड खाली आणि शेपूट वर. दोन तास बसून काय करायचं? माणसाला सवयी असतात. नळ्या टेबलावर सारख्या होत्या हे खरं, पण गाडीखाली बसवल्यावर वाकल्या तर नसतील? माझ्याकडे पाण्याचा कॅन होता, पितळी माप होतं, नरसाळं होतं. मी उजव्या तोंडात पाच मापं पाणी ओतलं, डाव्यात पाच मापं ओतलं. दोन्हीकडे सारखंच गेलं. माझा जीव भांड्यात पडला. पाणी परत बाहेर आलं नाही, याची मात्र मी नोंद घेतली नाही.

अधिकारी तरुण होते, इस्त्रीची पांढरी पॅन्ट, हातात आवाज मोजायचं यंत्र. ते गाडीच्या बरोबर मागे, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "सुरू करा. पाय द्या जोरात."

मी दिला जोरात.

काळं पाणी दोन्ही तोंडांतून एकदम सुटलं. अधिकाऱ्यांच्या उजव्या पायावर जेवढं, तेवढंच डाव्या पायावर. गुडघ्यापर्यंत दोन्हीकडे एक उंची. मी खाली उतरून ते पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "वा, सारखं आहे!"

हे मी म्हणायला नको होतं.

चौथा रुमाल त्यांची पॅन्ट पुसण्यात गेला आणि त्यानं पॅन्टीचं काही भलं झालं नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटून यंत्र धरलं, पुन्हा जोर द्यायला लावला आणि आकडा वाचला. "शहाऐंशी डेसिबल. मर्यादा ऐंशी. नापास. नळी काढा, गाडी मूळ स्थितीत आणा."

मूळ स्थिती म्हणजे खोटा तळ. माझ्यासमोर तेलवाल्याची खुर्ची उभी राहिली. मी मान खाली घातली आणि मान खाली घातल्यामुळेच माझी नजर त्यांच्या हातातल्या यंत्राच्या पाठीवर गेली. एकतीस वर्षांची नजर, ती दुसरीकडे जातच नाही.

"याच्यावर शिक्का कुठं आहे?" मी विचारलं.

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. वर्षाला एकदा. आवाजाचं यंत्र म्हणजे मापच. आमच्या खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. शेवटचा शिक्का," मी चष्मा वर केला, "चार वर्षांपूर्वीचा आहे."

अधिकाऱ्यांनी यंत्र उलटं करून पाहिलं. रांगेतले लोक जवळ आले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्यावर माझा काही राग नाही. पॅन्टीबद्दल तर मीच माफी मागतो. पण उद्या मी आमची प्रमाणित डबी घेऊन येतो. तिच्यातून बरोबर चौऱ्याण्णवचा आवाज निघतो. तुमच्या यंत्रानं चौऱ्याण्णव दाखवलं तर मी इथंच नळी काढतो. कमी दाखवलं तर माझी गाडी आणखी मोठ्यानं ओरडते असा अर्थ, मग मी गाडीच काढून टाकतो."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून रीतसर सही करून डबी नेली. रात्रभर मला झोप नव्हती, कारण माप कुणाच्या बाजूनं खोटं असेल हे कुणीच सांगू शकत नाही. डबी यंत्राच्या तोंडावर बसवली, बटण दाबलं. यंत्रानं एकशे एक दाखवलं. सातनं जास्त.

अधिकाऱ्यांनी शहाऐंशीतून सात वजा केले. त्यांनी तो हिशेब कागदावर दोनदा केला. मग ते उठले, त्या दिवशी त्यांची पॅन्ट काळी होती, आणि माझ्या कागदावर त्यांनी शिक्का मारला. "चार वर्षं आम्ही किती गाड्या उगाच नापास केल्या असतील," ते हळूच म्हणाले. "यंत्र घेऊन जा, दुरुस्त करून आणा. आणि साहेब, रुमाल धुऊन पाठवतो." तो रुमाल धुऊन निघणार नव्हता, पण मी हो म्हटलं. सहाव्या खिडकीतला कारकून मुद्दाम बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवून गेला.

आता उरला होता बाळ्या, आणि बाजार.

मी रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या आवारात पंचनामा ठेवला. खात्याच्या नियमाप्रमाणे पंच दोन हवेत आणि ते आरोपीच्या नात्यातले नकोत. पहिल्या पंच गाण्याच्या बाई. दुसरा पंच म्हणून मी स्वतः जाऊन तेलवाल्याला बोलावलं. तो थट्टा करायच्या तयारीनंच आला होता, सोबत बाजारातले चौघे घेऊन. बाळ्या त्याची काळी गाडी घेऊन आला, फोटो काढायला फोन हातात घेऊनच. गॅरेजवाला नवा शर्ट घालून एका बाजूला उभा होता. मी कागद उघडून मोठ्यानं वाचलं, "आज रोजी, खाली सही करणाऱ्या पंचांसमक्ष, राखाडी रंगाच्या वाहनाच्या मागील भागाची तपासणी..."

"लवकर वाचा हो," बायको म्हणाली. ती गच्चीतून कपडे घेऊन उतरली होती आणि तशीच थांबली होती.

मी गाडी सुरू करून दहा मिनिटं ठेवली, मग बंद करून नळ्या निवू दिल्या. पाचवा रुमाल तेलवाल्याच्या हातात दिला. "तुम्हीच बघा."

त्यानं आधी डाव्यात बोटं घातली. चार बोटं गेली. मग तळहात गेला. मग मनगट गेलं, बाहीच्या काठापर्यंत, आणि तळ लागला नाही. त्यानं रुमालाचं एक टोक तिथं फिरवलं, दुसरं टोक उजव्यात फिरवलं आणि रुमाल सगळ्यांसमोर उलगडून धरला. दोन्ही टोकं काळी. इतकी सारखी काळी की गाण्याच्या बाईंना डावं कुठलं ते विचारावं लागलं.

कुणी हसलं नाही. तेलवाल्यानं रुमाल उजेडाकडं धरून पाहिला.

"माप खरं आहे," तो म्हणाला. मग कागदावर सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, उद्या दुकानाकडं या. शिक्का राहिलाय आमचा. तुम्ही मारल्याशिवाय माप वापरणार नाही मी."

मी कागद गाण्याच्या बाईंपुढे सहीसाठी धरला. गॅरेजवाल्यानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे आपल्याच सल्ल्यामुळे झालं असं दोघांना सांगितलेलं मी ऐकलं.

बाळ्यानं फोन खिशात टाकला. "ठीक आहे भाऊजी," तो म्हणाला. "पण लहान गाडीला ओढूनताणून दोन केले. आमच्या गाडीला ते जन्मजात आहेत."

मी ते सोडूनच दिलं असतं. मोठेपणा दाखवायचाच होता मला त्या दिवशी. पण कपड्यांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन बायको घरात गेली आणि खोक्यातला शेवटचा रुमाल घेऊन बाहेर आली. सहावा. इस्त्रीची घडी न मोडलेला. ती सरळ भावाच्या गाडीमागे गेली, पदर खोचला आणि खाली वाकली.

"ताई, काय करतेस? गाडी चालवून आणलीय, गरम असेल ते अजून," बाळ्या म्हणाला.

"गार आहे," बायको म्हणाली.

तिनं उजव्या तोंडात रुमाल फिरवला. मग डाव्यात फिरवला. मग उठून उभी राहिली आणि रुमाल दोन्ही हातांनी पसरून सगळ्यांना दाखवला. इकडचं टोक पांढरं. तिकडचंही टोक पांढरं.

गॅरेजवाला गाडीखाली डोकावला आणि आतून त्याचा आवाज आला, "खरी नळी आत लपवलीय, जमिनीकडं वळवून. एकच आहे. ही दोन्ही तोंडं नुसती बंपरला चिकटवलीत!"

बाळ्या स्वतः वाकून बोटं घालून बघायला लागला. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. तेलवाला त्याच्या शेजारी बसला आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "चार नाही. दोनच बोटं."

बायकोनं त्या रुमालाची नीट चौघडी केली आणि तो माझ्या खिशात ठेवला.

"हा वापरा उद्या बाजारात जाताना," ती म्हणाली. "धुवायची गरज नाही."